सुटी मागितली, सुई दिली

"बाह्या वर कर," मॅडम म्हणाल्या.

सकाळची वेळ. ओपीडी भरलेली. बाकांवर पेशंट, भिंतीला टेकून त्यांची माणसं, दारात चपलांचा ढीग. मी फरशीची बादली घेऊन उभी होते. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको. महाडमधल्या त्या खासगी हॉस्पिटलचा सगळा कारभार त्यांच्या हातात. मी तिथली आया. त्यांची केबिन शेजारीच होती. बोलायचं होतं तर आत बोलावता आलं असतं. त्यांना आत नको होतं.

मी बाह्या वर केल्या नाहीत. मग त्यांनीच केल्या. कापड चिमटीत धरून, माझ्या कातडीला बोट लागणार नाही अशा बेतानं. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत उघडे पडले. काळेनिळे डाग. गाठी. एक पिकलेली जखम.

त्या बाकांकडे वळल्या. "बघा. हिच्या हातात आम्ही तुमची बाळं देत होतो. नशा करते. औषधं चोरते. शेवटी वळण जातं कुठे? आमचीच चूक, असल्यांना आत घेतलं."

असल्यांना. 'असल्या' म्हणजे कसल्या, हे त्या बाकांवर कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या गावच्या दोन बायाही तिथं बसल्या होत्या. कुणब्यांच्या आळीतल्या. त्यांनी खाली बघितलं.

"गाऊन इथेच काढ. तो हॉस्पिटलचा आहे."

पंजाबी ड्रेसवर निळा गाऊन घालायचो आम्ही. मी बटणं काढायला लागले. निघेनात. हात थरथरत होते. लोकांना वाटलं असेल लाजेनं. लाज होतीच. पण त्या दिवशी सकाळपासून मला सुई मिळाली नव्हती, त्याचंही होतं. मला भोवळ आली, मी बाकाच्या टोकाला बसले. शेजारची बाई पोर उचलून उठली. मॅडमनी दुसऱ्या आयाला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, "ही गेली की हा बाक फिनेलनं धुऊन घे."

हॉस्पिटलात फिनेल रोजचंच. पण रक्त सांडलं, ओकारी झाली तर फिनेल. मी नुसती बसले होते.

डॉक्टर त्यांच्या केबिनच्या दारात उभे होते. सगळं बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एक माणूस खरं बोलू शकत होता आणि तो तिथं उभा होता. त्यांनी दार लोटून घेतलं.

ते दार का लोटलं, ते सांगते.

मी पोलादपूर तालुक्यातली. कापड्याकडची आमची बौद्धवाडी. बारावी झाले, लग्न झालं, नवऱ्यानं दुसरी केली, परत आईकडे आले. नर्सिंगला जायचं होतं, ते राहिलं. निदान हॉस्पिटलात काम, म्हणून आया झाले. मला ते काम आवडायचं. बाळंतिणीला उठवून बसवायचं, म्हातारीची पाठ पुसायची. कुणी जात विचारली तर सांगायचे. काही जण मग पाणी दुसरीकडून मागवायचे. त्याची सवय होती. सवय होती म्हणजे दुखत नव्हतं असं नाही.

महापूर आला त्या साली हॉस्पिटलचा तळमजला पूर्ण बुडाला. पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल. गाद्या, खाटा, कपाटं, सगळं चिखलात. आम्ही आया आणि वॉर्डबॉय ते उपसत होतो. पाण्यानं फुगलेली गादी बाहेरच्या जिन्यावरून रस्त्यावर उतरवताना माझा पाय सटकला. मी पाठीवर आपटले आणि गादी माझ्यावर. नंतर फोटो काढला तेव्हा कळलं, मणका सरकलाय.

मी डॉक्टरांकडे सुटी मागितली. म्हणाले, "अख्खं शहर चिखलात आहे आणि तुला घरी झोपायचंय?" मला खाली वाकता येत नव्हतं. मी तेही सांगितलं. त्यांनी सिस्टरला इंजेक्शन भरायला लावलं आणि स्वतः टोचलं. म्हणाले, "आता बघ कशी पळतेस."

खरंच पळाले. दुखणं गेलं, पण नुसतं दुखणं गेलं नाही. नवऱ्यानं टाकल्याचं गेलं. आईच्या घरात खालमानेनं वावरायचं गेलं. पहिल्यांदाच छातीवरचं ओझं कुणी उचलून ठेवल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत मी लोखंडी खाटा ओढत होते. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. डबल ड्युटी असली की दोनदा. पाठ बरी व्हायला आराम लागतो, तो मिळाला नाही. सुई मिळत राहिली. पुढे डॉक्टरांना वेळ नसायचा. सिस्टर म्हणाली, तूच घे आता, तुला येतं की. मला येत होतं. पेशंटला अर्धं दिलं की अर्धं बाटलीत उरायचं, ते मी घ्यायला लागले. ह्याला चोरी म्हणायचं तर म्हणा. सगळ्यांना माहीत होतं. मी चारचौघींचं काम एकटी उरकत होते, तोवर कुणी चोरी म्हटलं नाही.

मग औषधांची सरकारी तपासणी येणार असं कळलं. साठा जुळेना. कुणाच्या तरी नावावर ते टाकायला हवं होतं. माझे हात होतेच.

त्या दिवशी मी गाऊन काढून ठेवला आणि एसटीत बसले. पोलादपूर येईपर्यंत घामानं भिजले होते. जांभया थांबत नव्हत्या. हाडं आतून कुणी पिळतंय असं वाटत होतं. घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. त्या दोन बायांनी फोन केला असणार. आई ओट्यावर बसलेली. तिनं माझे हात बघितले. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मॅडमचं बोलणं मी सोसलं होतं. आईची ती पाठ सोसवली नाही.

दोन दिवसांत मी आईशी भांडले, ताटं फेकली, महाडला पळून जायला निघाले. आमच्या शेजारणीनं, सुमनवयनीनं, दाराला बाहेरून कडी घातली. सुमनवयनी वाडीच्या महिला मंडळाची पुढारी. अंगणवाडीत मदतनीस. विधवा. आवाज मोठा, माणूस कोरडं. माझं तिच्याशी कधी फार जमलं नव्हतं.

विहारात बैठक बसली. मला नेऊन भिंतीपाशी बसवलं. मी घोंगडी पांघरून कुडकुडत होते. कुणी म्हणालं, वाडीचं नाव गेलं. कुणी म्हणालं, पोरीबाळी हायत, हिला हितं ठेवायची नाय. आमचे तात्या, वाडीतले जुने जाणते, त्यांचं म्हणणं पडलं की नवऱ्याकडे धाडा, नायतर मुंबईला कुठल्या आश्रमात टाका. आपली माणसंही आपल्याला बाहेर काढायला बसली, हे मी ऐकत होते. माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे लवकर संपावं आणि मला सुटता यावं.

सुमनवयनी उठली.

"माजा घरवाला ह्याच वाडीत दारूनं मेला," ती म्हणाली. "तवा पन हितंच बैठक बसली व्हती. तुमी म्हनलात, त्याचं त्यो बगंल. त्यानं बगितलं. आता हिची येळ आली तर हिला भायेर टाकायची? कुठं टाकनार? भायेर तर तिला त्यांनी आदीच टाकलीय."

तात्या म्हणाले, मग करायचं काय? वयनी म्हणाली, "आपुन बगायची."

बघितली. हे सांगायला सोपं वाटतं. मी वयनीच्या घरात होते. ओकाऱ्या, जुलाब, अंगावर काटा, झोप नाही. मी वयनीला नको नको ते बोलले. तिच्या मेलेल्या नवऱ्यावरून बोलले. वाडीतल्या बायका पाळीनं बसायच्या. कुणी पेज आणायची, कुणी कपडे धुवायची. माझ्या घाणीचे कपडे. त्यातली एक माझी चुलती, जी बैठकीत मला बाहेर काढा म्हणाली होती. ती तोंड वाकडं करून यायची आणि काम करून जायची. गोड कुणी बोललं नाही. पण पाळी कुणी चुकवली नाही.

सरकारी दवाखान्यात नशेचा विभाग असतो, हे आम्हाला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. वयनी मला घेऊन गेली. तिथं समुपदेशक म्हणून एक बाई होती. तिनं माझा हात हातात घेऊन बघितला, उलटा सुलटा. म्हणाली, हा आजार आहे, ह्याला औषध आहे, पण वेळ लागेल आणि एकटीला जमायचं नाही. वयनी म्हणाली, "येकटी कशाला? आमी हाओ ना." गोळ्या सुरू झाल्या. त्या वयनीच्या पेटीत, कुलपात. मला रोजची रोज मिळायची, तिच्यासमोर गिळायची.

बरं वाटायला लागलं की धोका जास्त असतो. एकदा मी कुणाला न सांगता पोलादपूरच्या स्टँडवर आले. अंगावर लांब बाह्यांचा ड्रेस. महाडची गाडी लागलेली, सुटायला वेळ होता म्हणून मी बाकावर बसले. हॉस्पिटलातला एक वॉर्डबॉय मला सुई देईल, हे मला माहीत होतं. स्टँडवर आमच्या वाडीची कमळाबाय भाजी विकायला बसते. तिनं मला बघितलं. ओरडली नाही. उठून माझ्याजवळ आली, माझ्या मांडीवर भाजीची अख्खी टोपली ठेवली आणि म्हणाली, "धर गो जरा. मी आले." आणि गेली. टोपली जड. भाजी टाकून उठता येईना. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली. कमळाबाय मग चहा घेऊन आली. माझ्या शेजारी बसून तिनं तिचा चहा घेतला आणि मला माझा प्यायला लावला. तिला सगळं कळलं होतं. वाडीत तिनं कुणाला सांगितलं नाही. मीच सांगितलं, नंतर.

पाठ मात्र दुखतच होती. दुखली की सुई आठवायची. वयनीनं त्याच्यावर उपाय काढला. आम्हाला घेऊन ती सवला गेली, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. पाच-सहा जणी होतो, आई पण आली होती. मी बायकांच्या कुंडात उतरले. पाण्याला गंधकाचा वास, अंगाला चटका. तिथं शहरातल्या दोन बाया होत्या. त्यांनी माझे हात बघितले आणि सरकल्या. एक म्हणाली, काही लागण आहे का हिला? मी हात ओढून घेतले, ओल्या ओढणीत गुंडाळायला लागले.

आई कुंडाच्या कडेला होती. इतक्या दिवसांत ती माझ्या हातांकडे बघायचं टाळायची. ती साडीसकट पाण्यात आली. माझे दोन्ही हात धरून पाण्यात बुडवले आणि चोळायला लागली. लहानपणी मळ काढायची तसे. त्या बायांना म्हणाली, "लागन नाय. माजी पोरगी हाय."

मी तिथं रडले. सुई सुटल्यापासून पहिल्यांदा. 

वर्ष गेलं. भातलावणी, बेणणी, कापणी, सगळ्यात मी होते. वाकायचं काम मला देत नसत. मी झोडलेलं भात पाखडायचे. दर रविवारी आम्ही विहारात बसायला लागलो. आधी मी, वयनी आणि मंडळाच्या बाया. मग एमआयडीसीत कंत्राटावर जाणारा एक पोरगा आला. मग दासगावहून एक टेम्पोवाला, बायको घेऊन. बसायचं, ज्याला जे सांगायचंय ते सांगायचं, चहा प्यायचा. एवढंच.

ही गोष्ट महाडपर्यंत गेली. तिथल्या एका मंडळाचे गुरुजी वाडीत आले. सज्जन माणूस. म्हणाले, नशामुक्तीवर कार्यक्रम ठेवलाय, मोठ्या हॉलमध्ये, तुम्ही चार शब्द बोला, तरुणांना प्रेरणा मिळेल. मी हो म्हटलं. प्रमुख पाहुणे कोण, ते मी विचारलं नाही.

हॉलमध्ये गेल्यावर कळलं. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत तेच डॉक्टर. शेजारी मॅडम. मला पायरीपाशी उभं केलं होतं. माझ्यासाठी खुर्ची नव्हती. परत फिरावं असं वाटलं. पण मागच्या रांगेत वयनी, कमळाबाय, आई, सगळ्या बसलेल्या. तीन गाड्या बदलून आलेल्या.

डॉक्टर बोलायला उठले. चांगलं बोलतात ते. समाजाची जबाबदारी, तरुण पिढी, संस्कार. मग माझ्याकडे हात केला.

"ही मुलगी माझ्याकडे कामाला होती. मुलीसारखी वागवली. हिच्या हातून चूक झाली, पण मी पोलिसांत दिलं नाही. कारण मला माहीत होतं, हिच्या घरची परिस्थिती, हिचं वातावरण. क्षमा केली की माणूस सुधारतो, हे त्याचं उदाहरण. मी आज सांगतो, हिनं उद्यापासून परत कामावर यावं."

टाळ्या. मॅडम साडी घेऊन पुढे आल्या. मला पायरी चढायला लावली. माईक माझ्या हातात दिला आणि गुरुजी हळूच म्हणाले, "आभार माना आधी."

आता खरं सांगते. मी काहीही ठरवून आले नव्हते. आभार मानले असते तर नोकरी होती. आईचं औषधपाणी भागलं असतं. आणि 'डॉक्टरसाहेबांचे आभार' हे शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण ते म्हणाले, हिचं वातावरण. आमच्या वातावरणात मला सुई कुणी दिली नव्हती. आमच्या वातावरणानं माझे मुतानं भिजलेले कपडे धुतले होते. ते वातावरण समोर मागच्या रांगेत बसलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, माझा मणका तुमच्या जिन्यावर सरकला. मी तुमच्याकडे सुटी मागितली. तुम्ही सुटी दिली नाही, सुई दिली. पहिली सुई तुमच्या हातची. दुसऱ्या दिवशीची पण. मी चोर असेन तर ते नंतर बघू. आधी हे सांगा, की मला सुईची सवय लावली कुणी?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "बघा, आजार अजून पूर्ण गेलेला नाही." पुढच्या रांगेत थोडे लोक हसले.

मी माईक सोडला नाही. म्हटलं, "मला तुम्ही क्षमा केली नाही. मला माझ्या वाडीनं उभी केली. साडी नको. काम नको."

कुणीतरी माईक बंद केला. 'काम नको' हे शेवटचं मी माईकशिवायच म्हटलं, मोठ्यानं. मॅडमच्या हातात साडी तशीच राहिली. मागच्या रांगेतून वयनी उठली, मग बाकीच्या. टाळ्या वाजवल्या नाहीत त्यांनी. माझ्याकडे चालत आल्या, आणि आम्ही सगळ्या बाहेर पडलो. गुरुजी मागून येऊन म्हणाले, "असं करायला नको होतं तुम्ही. ही जागा नव्हती." जागा कुठली ते त्यांनी सांगितलं नाही.

लोक म्हणतील, मग काय झालं? फार काही चांगलं झालं नाही. डॉक्टरांचं हॉस्पिटल चालू आहे. आम्ही तक्रार केली, ती पडून आहे. चोरीची केस करू, असा निरोप आला. तात्या म्हणाले, उद्या वाडीत कुणाला काही झालं तर न्यायचं कुठं? त्यांचं म्हणणं खोटं नाही. मला महाडात कुणी कामावर घेत नाही. पाठ दुखते. आणि सुई आठवते. ती आठवणार नाही असा दिवस अजून आलेला नाही. कुणी सांगत असेल की नशा सुटली म्हणजे सुटली, तर तो खोटं बोलतोय.

गेल्या महिन्यात एक बाई मला शोधत वाडीत आली. गाडी लांब उभी करून, डोक्यावर पदर घेऊन. महाडमधल्या मोठ्या घरातली. नवरा प्राध्यापक. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि पावडरच्या नादी लागून परत आला. घरात वस्तू फोडतो, आईवर हात उचलतो. ती बाई माझ्यासमोर रडली. म्हणाली, तुम्ही ह्यातून गेलात, तुम्हाला कळतं, तो तुमचं ऐकेल. मी म्हटलं, दवाखान्यात न्या आधी, आणि रविवारी विहारात घेऊन या, आम्ही सगळे असतो.

ती म्हणाली, "इथे कसं आणणार? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा तुम्हीच आमच्याकडे या ना. दुपारी, कुणी नसताना. मागच्या दारानं. मी तुमचे काय ते पैसे देईन."

ती वाईट बाई नव्हती. तिला मदत हवी होती आणि तिला ती माझ्याकडूनच हवी होती. फक्त मी दिसायला नको होते. 

मी तिला दवाखान्याचा पत्ता दिला. समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं. म्हटलं, "मुलाला मी टाकणार नाही. तो येऊ दे, मी त्याची ओकारी काढीन. माझी इथं लोकांनी काढलीय. पण तुमच्या मागच्या दारानं मी येणार नाही."

ती म्हणाली, "आईचं दुःख तुम्हाला कळत नाही."

माझी आई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

ती बाई गेली. तिचा मुलगा अजून आलेला नाही. त्याचं काय होईल ह्याची मला भीती वाटते, आणि तरी मी गेले नाही. वयनी एकदा म्हणाली, जाऊन यायचं होतंस गो, पोरगं कुणाचंबी असू दे. मी तिला म्हटलं, नाही वयनी. लपून उठवलेलं माणूस उभं राहत नाही. त्याला उठायचं असेल तर त्यानं आमच्या विहारात, आमच्या चटईवर, आमच्या कपातला चहा पीत बसायला हवं. टेम्पोवाल्याच्या शेजारी. माझ्या शेजारी. सगळ्यांना दिसेल असं. मी इथं आहे, रविवारी दार उघडं असतं. पण इथून पुढं मी कुणाच्याही घरात लपून शिरणार नाही. मरेपर्यंत नाही.